कुत्रं-बित्रं तर नाही ना जी?

नागपुरात घर किरायाने देणारा माणूस फोनवर साधारण तीन प्रश्न विचारतो. किती जण आहात, नोकरी कुठं आहे, आणि तिसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून, घरातल्या कुणाच्या दुखण्याची चौकशी करावी तसा, "कुत्रं-बित्रं तर नाही ना जी?" पहिल्या दोन उत्तरांवर तो खूष असतो. नवरा-बायको दोघंच, दोघांनाही पगार, लेकरू अजून नाही, म्हणजे भिंतीवर रेघोट्या नाहीत. "या ना मग पाहायला, किल्ली आपल्याचजवळ आहे." तिसऱ्या प्रश्नाला आम्ही "आहेत, दोन" म्हणतो. मग पलीकडे अशी शांतता पसरते की त्यांच्या बैठकीतल्या कूलरचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येतो. "तर मग राहू द्या जी," ते म्हणतात. "कुत्रेवाल्यांना नाही देत आपण."

आमच्या दोघींची ओळख करून देते. थोरली तर्री. रंग तांबूस, डोकं गरम. धाकटी बर्फी. रंग संत्रा बर्फीचा, स्वभाव गोड, कुणीही यावं आणि कुरवाळून जावं. दोघी गावरान, दोघी आमच्या आधीच्या गल्लीतल्या नालीकाठच्या. रेबीजची लस वेळच्या वेळी, नसबंदी झालेली, लसीकरणाची कार्डं कायम माझ्या पर्समध्ये. माझ्या स्वतःच्या लसीचं सर्टिफिकेट कुठं आहे ते विचारू नका. घरमालकासमोर कार्ड ठेवलं की तो चष्मा लावून वाचतो, "छान आहे" म्हणतो, आणि मग विचारतो, "पण भुंकतात का?" नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर घर जातं. नवऱ्यानं त्यावर एक उत्तर तयार ठेवलं होतं, "कारण असलं तरच." घरमालक मान हलवून म्हणायचे, "आमच्या लेआउटमध्ये कारणं खूप आहेत ना जी."

मुंबई-पुण्यात कुत्रेवाल्यांचं भांडण सोसायटीशी असतं. नागपूरचा मामला वेगळा. हे शहर लेआउट पाडत पाडत ऐसपैस पसरलं. प्रतापनगर घ्या, त्रिमूर्तीनगर घ्या, नाहीतर मानेवाडा घ्या. प्लॉट, प्लॉटवर घर, घरापुढं फाटक, फाटकाशी जास्वंद, खाली मालक आणि वरच्या माळ्यावर किरायादार. तो वरचा माळा मुळात मुलासाठी बांधलेला असतो. मुलगा शिकून पुण्याला जातो, पुण्याहून बंगलोरला, तिथून अमेरिकेत, आणि वरचा माळा रिकामा पडतो. तिथं जो किरायादार येतो त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की त्यानंही मुलाइतकंच दूर राहावं. पाच तारखेला पैसे जमा व्हावेत आणि बाकीचे दिवस वर कुणी आहे हे कळू नये. खुर्ची सरकल्याचा आवाज येऊ नये, दुपारी मिक्सर लागू नये, टाकीतलं पाणी संपू नये, पाहुणे आले तर त्यांच्या चपला जिन्यात दिसू नयेत.

इतकी घरं पाहून माझं मत असं झालंय की घरमालकाला किराया हवा असतो, किरायादार नको असतो. कुत्रं हे निमित्त. माणसाला आपण इथं राहतच नाही असं सोंग आणता येतं. कुत्र्याला ते जमत नाही. ते राहतं म्हणजे राहतं.

प्रतापनगरकडं एक चांगलं घर पाहिलं. मालक सद्गृहस्थ, दरवर्षी गाणगापूरला जाणारे. बैठकीत भिंतभर दत्त महाराज, मागं गाय, पायाशी चार कुत्रे. फ्रेमला ताजा हार, आणि हार इतका लांब की त्यातल्या दोन कुत्र्यांच्या गळ्यातही आलेला. नवऱ्याला वाटलं, इथं काम झालं. त्यानं फोटोकडं हात केला. "काका, तुमच्याकडं तर आधीचेच चार आहेत."

काका हसले नाहीत. "ते चार वेद आहेत," म्हणाले, "आणि ते भुंकत नाहीत."

यातलं दुसरं कारण खरं होतं. मग त्यांनी आम्हाला वर नेऊन फरशी दाखवली. मोठाल्या, पांढऱ्या, चकचकीत टाइल्स, मुलानं तिकडून पैसे पाठवून बसवलेल्या. "नखांनी चरे पडतात ना जी." त्याच टाइल्सवर कूलरचं लोखंडी स्टँड ओढून नेल्याची एक हातभर लांब खूण होती. बोलता बोलता काकांनी पायानं पायपुसणं सरकवलं आणि ती झाकली.

यावरून नागपूरकरांचा कुत्र्यांवर राग आहे असं मात्र कुणी समजू नये. नरेंद्रनगरच्या एका काकूंकडं आम्ही सकाळी पोचलो तेव्हा त्या फाटकाशी उभ्या राहून गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालत होत्या. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, हा नेम सासूबाईंपासूनचा. त्यात शनिवार. म्हणून तेल लावलेली एक पोळी वेगळी ठेवलेली आणि काळ्या कुत्र्याची वाट पाहणं चाललेलं. मी आनंदानं आत शिरले. काकूंनी चहा दिला, चहासोबत सांबारवडी दिली आणि सांगून टाकलं, "फाटकाबाहेर असलं तर पुण्य. आत आलं की केस." मी म्हटलं, दोघींना रोज ब्रश करते. काकू विचारात पडल्या. "त्यात एखादं काळं आहे का?" एक तांबडी, एक पिवळी. काकूंची घोर निराशा झाली. "काळं असतं तर पाहता आलं असतं. आमचं नेहमीचं अलीकडे येऊनच नाही राहिलं." कुत्रं शनीवर उतारा म्हणून चालत होतं. किरायादारासोबत आलं की त्याचीच साडेसाती.

धरमपेठेत एका निवृत्त साहेबांनी सुरुवातच केली, "जात कोणती?" नवरा गडबडला. "कुत्र्यांची हो," साहेब म्हणाले. गावरान हे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला. लॅब्राडोर असता तर विचार केला असता. लॅब्राडोर समजूतदार असतो, फाटकात उभा राहिला तर चार लोकांत बरा दिसतो. मग त्यांनी आमचं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला हेही विचारलं. तेव्हा लक्षात आलं की कुत्र्यांची चौकशी नुसती प्रस्तावना होती. धरमपेठेपासून दीक्षाभूमी काही लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं लाखो लोकांनी जात मागं टाकली. किरायाचं घर पाहायला गेलं की मात्र ती फाटकापाशी पुन्हा उभी असते. आडनाव पटलं नाही, नाव मुसलमानी निघालं, मुलगी एकटी राहणारी निघाली, की घर "कालच दिलेलं" असतं. त्या मानानं तर्री-बर्फीचं नशीब चांगलं. त्यांना नाही म्हणायला कुणाला सबब शोधावी लागत नाही.

लेआउटांना कंटाळून मग आम्ही मनीषनगर, बेसा या बाजूच्या फ्लॅटांकडं वळलो. इथं मी अभ्यास करून गेले. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ साली पाळीव कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोसायटीनं एकमतानं ठराव केला तरी कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. लहान चालेल, मोठं चालणार नाही, असं म्हणता येत नाही. भुंकणं हे हाकलून देण्याचं कारण होत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. मी प्रिंट काढून, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून, सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं. "अगदी बरोबर आहे," म्हणाले. "पण हे आत राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही अजून बाहेर आहात."

माणूस हुशार. गोम तीच आहे. एकदा आत शिरलात की नियम तुमच्या बाजूचे, पण आत घ्यायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती जबाबदारी मालकाची, हे सांगून ठेवलंय. कुत्रेवाल्याशी करार केलाच पाहिजे असं त्यात कुठं नाही. आणि खाली स्वतः राहणारा नागपुरी मालक तर एकटाच अध्यक्ष, सेक्रेटरी, चौकीदार आणि सर्वसाधारण सभा असतो. त्याला परिपत्रक दाखवून उपयोग नसतो. त्याचा कोरम कायम पूर्ण असतो.

आवाजाचा एवढा बाऊ करणाऱ्या या शहराला दर डिसेंबरात मात्र काही वाटत नाही. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं आणि मुंबईहून अख्खं सरकार बिऱ्हाड घेऊन येतं. आमदार निवासाला रंग लागतो, बंगल्यांची झाडलोट होते, रस्त्यांचे खड्डे बुजतात. मग सभागृहात जे चालतं ते सगळा महाराष्ट्र टीव्हीवर ऐकतो. एकमेकांच्या अंगावर धावून जाणं, पायऱ्यांवर बसून ओरडणं, रागारागानं बाहेर जाणं आणि जेवणाच्या वेळेला परत येणं. खोलीची किल्ली देताना त्यांना कुणी विचारत नाही, आवाज करतात का जी?

नागपूरच्या कुत्र्यांच्या कुंडलीत कोर्टाचाही योग आहे. २० ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आदेश दिला. शहरात सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं नाही, घातलं तर दर खेपेला २०० रुपयांपर्यंत दंड. एवढी माया असेल तर आधी कुत्रं दत्तक घ्या, घरी न्या, महापालिकेत नोंदवा, नाहीतर निवाऱ्यात ठेवा, आणि मग काय लाड करायचे ते करा. आमच्या गल्लीत खळबळ उडाली. रोज पहाटे पिशवीत बिस्किटं घेऊन निघणारे एक आजोबा पिशवी सदऱ्याच्या आत घालून फिरू लागले. कुत्री सदऱ्यामागं फिरू लागली. आम्ही दोघं मात्र निवांत होतो. कोर्टानं सांगायच्या आधीच आम्ही दोघींना घरी आणलं होतं. फक्त ते घर दुसऱ्याचं होतं. "घरी न्या" हा सल्ला चांगलाच, पण कुणाच्या, हा प्रश्न किरायादारांपुढं उरतोच.

पुढं १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं दत्तक घेण्याच्या त्या अटीला स्थगिती दिली. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत तर वस्तीतल्या लोकांनीच गल्लीतल्या कुत्र्यांसाठी खाण्याची जागा ठरवून द्यावी असं आलं. म्हणजे मोकाट कुत्र्याला ठरलेली जागा मिळण्याची सोय कायद्यात आहे. आमच्या दोघी नालीकाठीच राहिल्या असत्या तर त्यांचं एव्हाना कुठंतरी भागलं असतं. आमच्या नादी लागल्या आणि बेघर झाल्या.

हे सगळं फिरणं उन्हाळ्यातलं. नागपुरात घरं रिकामी होतात ती मे-जूनमध्ये, बदल्या आणि शाळा यांच्या मधल्या दिवसांत, आणि नवतपाही तेव्हाच असतो. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्यानं ते यंत्र बिघडल्याचा खुलासा केला. ज्यानं भर दुपारी दोनला डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुचाकीवरून घर शोधलंय, त्याचा विश्वास अजून यंत्रावरच आहे. दुपारी मालक दार उघडत नाहीत. संध्याकाळी ते गच्चीवर पाणी मारत असतात, तेव्हा खालून मान वर करून बोलणी करायची. "कूलर किती लावणार?" हा प्रश्नही कुत्र्यांइतकाच नाजूक. आम्ही सांगितलं, एक. "आणि कुत्र्यांना?" त्यांना वेगळा नाही, असं मी शपथेवर सांगितलं. ते खरंच आहे. कूलर त्यांचाच असतो, आम्ही बाजूला बसतो.

दलाल मात्र कधी नाउमेद होत नाही. त्याच्याजवळ उपाय असतात. पहिला उपाय, सांगायचंच नाही. "आधी सामान नेऊन टाका. आठ दिवसांनी हळूच कुत्रे." तर्रीला हळूच कुठंही नेता येत नाही. जिन्यात कुणी दिसलं की ती स्वतःच आपली ओळख करून देते. दुसरा उपाय, भावाचे कुत्रे आहेत, तो गावाला गेलाय म्हणून दोन दिवस आणलेत, असं सांगायचं. आणि तिसरा, "सोडून द्या ना काटोल रोडनं दूर कुठं. गावरानच तर आहेत." यावर मी त्याला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा ऐकवला. पाळलेला प्राणी उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे, शिक्षा आहे. "किती?" पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. आकडा कित्येक दशकं जागचा हललेला नाही. आज तेवढ्यात तर्री पोह्यांची प्लेट येते. दलाल हिशेबाचा पक्का. क्षणभर डोळे मिटून म्हणाला, "मग तर परवडते ना जी." आम्ही दलाल बदलला.

नातेवाईक धीर द्यायला धर्मराजाची गोष्ट सांगत. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चार भाऊ पडले, कुत्रं तेवढं शेवटपर्यंत मागं आलं. इंद्र रथ घेऊन दाराशी उभा, आणि म्हणतो काय, तर कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. गोष्ट सांगणाऱ्याला वाटतं, आम्ही युधिष्ठिराकडं पाहावं. मला मात्र त्यात इंद्र फार ओळखीचा वाटतो. बिनकुत्र्याचा येत असशील तर ये, किल्ली आपल्याचजवळ आहे. आणि शेवटी प्रवेश मिळाला तो कशावर? ते कुत्रं साक्षात यमधर्म निघालं, म्हणजे धर्मराजाचा बापच. वरपर्यंत ओळख असली की नियम शिथिल होतात, हे नागपुरातही कळतं. आमच्या दोघी शेवटपर्यंत कुत्र्याच निघाल्या.

घर मिळालं ते ना जाहिरातीतून ना दलालाकडून. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या जाऊबाईंनी सांगितलं, दाभ्याकडचे एक काका-काकू लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेत, सहा महिने तरी येत नाहीत, वरचा माळा देणं आहे. मागच्या खेपेला ते गेले तेव्हा घर फोडलं होतं. चोरांनी सिलिंडर नेला, देव्हाऱ्यातलं पितळ नेलं, आणि जाता जाता नळाच्या तोट्यासुद्धा काढून नेल्या. आम्ही दोघं समोर बसलो. किती जण, नोकरी कुठं, आणि मग तिसरा प्रश्न. मी जीव मुठीत धरून सांगितलं, "आहेत, दोन."

काकांनी काकूंकडं पाहिलं. "भुंकतात का?"

नवऱ्यानं तयार उत्तर दिलं, "कारण असलं तरच."

काका नाराज झाले. "असं कसं? कारण नसलं तरी भुंकायला पाहिजे ना जी."

एवढ्या हिंडण्यात हा पहिला घरमालक असा भेटला, ज्याला किरायापेक्षा किरायादार जास्त हवा होता. कारण उघड आहे. तो स्वतः तिथं राहणार नव्हता. कराराच्या मसुद्यात पाळीव प्राण्यांना मनाई करणारं कलम छापून आलंच होतं. काकांनी त्यावर पेनानं आडवी रेघ मारली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दोन्ही कुत्रे रात्री अंगणात मोकळे सोडावेत.' जावयानं बसवलेला कॅमेरा त्यांनी आम्हाला दाखवला. दबक्या आवाजात, कुत्र्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, त्याची जागाही सांगितली.

आता तर्री-बर्फीला अंगण आहे, पेरूचं झाड आहे आणि झाडाखाली थंडगार ओली माती आहे. तर्रीचं डोकं आजवर कधी नव्हे इतकं शांत झालंय. पार्सलवाल्या मुलाला ती शेपटी हलवून फाटकापर्यंत सोडायला जाते. रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडं भर दुपारी, काका मोबाइलवर कॅमेरा उघडतात आणि दोघी त्यांच्याच झोपाळ्याखाली घोरताना दिसतात. लगेच फोन येतो, "आज काऊन भुंकून नाही राहिल्या?" म्हणून नवरा जेवण झालं की मागच्या दारानं बाहेर पडतो, गल्लीतून वळसा घालून पुढं येतो आणि चोरासारखी फाटकाची कडी वाजवतो. बर्फी उठतच नाही. तर्री एक डोळा उघडते, कोण आहे ते पाहते आणि कूस बदलते. काल काकांचा निरोप आला, या दोघींच्यानं होत नसेल तर तिसरं आणा, किरायाचं पाहू आपण.